भुयारातील भेटी

उजेडात ऐकू येणारा माणसाचा आवाज आणि अंधारात ऐकू येणारा माणसाचा आवाज ह्यांची किंमत एक नसते. भरबाजारात कोणी हाक मारली तर मान वळवण्याचीही तसदी कित्येकदा घेतली जात नाही. पण रात्रीच्या वेळी एखाद्या निर्जन घाटात मोटार बंद पडावी आणि वळणापलीकडून कोणाची तरी चाहूल लागावी, म्हणजे आशा आणि भय ही दोन्ही एकाच वेळी मनात उभी राहतात. येणारा कोण असेल? मदतीला येत असेल की लुटायला? संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांची एक शाखा जवळजवळ अर्धशतक ह्या एका प्रश्नाच्या आधाराने वाढत आली आहे.

ह्या शाखेला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा शब्दश: अर्थ तळघरातून सरपटत जाणे असा होतो. मराठीत त्यांना भुयारी खेळ म्हणावयास हरकत नाही. खेळाची मांडणी थोडक्यात अशी : एक अंधारे तळघर, पडका किल्ला किंवा जमिनीत खोलवर गेलेली गुहा, तीत उतरणारा एक वीर, वाटेत राक्षस, सापळे, किल्ल्या, संपत्ती, आणि चूक झाली की मरण. वीराची प्रत्येक हालचाल खेळणाऱ्याच्या हाती असते. हे खेळ म्हणजे निव्वळ मारामारी अशी वडीलधाऱ्या मंडळींची समजूत असते, आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणता यावयाचे नाही. तथापि ज्यांनी हे खेळ मनापासून खेळले आहेत त्यांना वर्षानुवर्षांनी काय आठवते असे विचारले, तर ते मारलेल्या राक्षसांची यादी सहसा सांगत नाहीत. भुयारात भेटलेल्या माणसांविषयी ते बोलू लागतात.

ह्या शाखेच्या आरंभीच्या खेळांपैकी एक मुळी एका नात्यातून जन्मला. विल क्राउदर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ; आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप असलेले जाळे उभारणाऱ्या मंडळींपैकी एक. त्याला गुहा धुंडाळण्याचा नाद होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह ही जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा होय. तिच्या परिसरातील भुयारांची मोजणी करून नकाशे करणाऱ्यांत तो आणि त्याची पत्नी अशी दोघेही होती. पुढे त्यांचा घटस्फोट झाला आणि मुलींचा सहवास पूर्वीसारखा राहिला नाही. तेव्हा त्या मुलींना खेळता यावा म्हणून त्याने १९७५-७६ च्या सुमारास संगणकावर एक खेळ रचला. त्यात चित्र नव्हते. पडद्यावर गुहेचे वर्णन उमटे, आणि मुलींनी 'उत्तरेकडे जा', 'दिवा घे' अशा अर्थाचे एकदोन शब्द टंकले की पुढचे वर्णन येई. बापाने स्वत: पायांखाली घातलेली गुहाच त्या शब्दांत उतरली होती. १९७७ मध्ये डॉन वुड्स ह्या तरुण विद्यार्थ्याने तो खेळ वाढवला आणि तो विद्यापीठाविद्यापीठांतून पसरला. ह्या भुयारात भेटणारी मंडळी मात्र फारशी स्नेहशील नव्हती. कुऱ्हाडी आणि सुऱ्या फेकणारे बुटके आणि जमवलेले धन पळवणारा एक चाचा, एवढाच तिथला समाज!

त्यानंतर १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ केला. मराठीतील रोगाशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ लुच्चा, भामटा असा आहे. त्यात वीर म्हणजे पडद्यावरील एक चिन्ह, आणि राक्षस म्हणजे रोमन लिपीतील सव्वीस अक्षरे. प्रत्येक डावात भुयार नव्याने रचले जाई, आणि मरण आले की सर्व संपले. बोलावे असे तिथे कोणीच नव्हते. इतका एकाकी खेळ क्वचितच कोणी केला असेल. पण माणसाचा स्वभाव असा की एकांतातही तो सोबत निर्माण करतो. ह्याच परंपरेतील १९८७ च्या 'नेटहॅक' ह्या खेळात वीराबरोबर एक मांजर किंवा कुत्रा चालू लागला. एवढेच नव्हे, तर त्याच संगणकावर पूर्वी खेळून मेलेल्या वीराचे भूत आणि त्याचे सामानसुमान पुढच्या खेळणाऱ्याला भुयारात सापडू लागले. अनोळखी माणसाच्या अपयशाशी झालेली ती एक प्रकारची भेटच. १९८१ च्या 'विझार्ड्री' ह्या खेळात तर सहा जणांची टोळी भुयारात उतरे, आणि ती सगळीच्या सगळी कामास आली तर तिची प्रेते तिथेच पडून राहत. ती आणावयाची तर दुसरी टोळी तयार करून त्याच अंधारात पाठवावी लागे. हा खेळ अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांनी रचला. पण त्याने खरे मूळ धरले ते जपानमध्ये. पुढची कथा तिथलीच आहे.

टोकियोतील फ्रॉमसॉफ्टवेअर ही कंपनी १९८६ मध्ये स्थापन झाली ती कचेऱ्यांना उपयोगी पडणारे कार्यक्रम तयार करण्यासाठी. १९९४ च्या डिसेंबरात तिने 'किंग्ज फील्ड' हा आपला पहिला खेळ काढला. तो भुयारी खेळच होता, संथ, उदास आणि अवघड. दहा वर्षांनी, २००४ मध्ये, हिदेताका मियाझाकी नावाचा एकोणतीस वर्षांचा तरुण दुसऱ्या कंपनीतील चांगली नोकरी सोडून तिथे दाखल झाला. त्याचे बालपण गरिबीत गेले होते. ग्रंथालयातून आणलेली पुस्तके वाचताना त्याला पुष्कळदा मजकूर नीट कळत नसे. मग न कळलेला भाग तो स्वत:च्या कल्पनेने भरून काढी. ही आठवण त्याने पुढे मुलाखतीत सांगितली आहे, आणि त्याच्या खेळांची गुरुकिल्ली पुष्कळ अंशी तिच्यातच आहे. त्याच्या खेळांत कथा कोणी सांगत नाही. ती फुटक्या भांड्याच्या तुकड्यांसारखी इकडेतिकडे पडलेली असते, आणि मधल्या जागा खेळणाऱ्याने भरावयाच्या असतात.

त्याने दिग्दर्शित केलेला 'डेमन्स सोल्स' हा खेळ २००९ मध्ये आणि 'डार्क सोल्स' २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्यांपैकी दुसऱ्या खेळातील माणसांच्या गाठीभेटी विस्ताराने पाहण्यासारख्या आहेत. कारण भुयारी खेळात माणसाने माणसाला भेटावे म्हणजे काय, ह्याचा इतका कठोर आणि इतका हळवा विचार ह्या शाखेत दुसरीकडे फारसा झालेला नाही.

'डार्क सोल्स'मधील जगाला एक शाप आहे. काही माणसांना मरण येत नाही. ती मरतात आणि पुन्हा उठतात. पण हे अमरत्व सुखाचे नव्हे. ज्याच्यापाशी काही हेतू आहे, काही करावयाचे आहे, तो माणूस म्हणून टिकतो. हेतू सरला, मनाने हार खाल्ली, की तो आतून रिता होतो. स्मृती जाते, विवेक जातो, आणि समोर येईल त्याच्यावर हात उगारणारे एक कलेवर तेवढे उरते. खेळणारा ज्यांना राक्षस समजून मारीत असतो त्यांतील कित्येक ह्या अर्थाने रिती झालेली माणसेच असतात. हे एकदा ध्यानात आले म्हणजे भुयारात अजून बोलणारा जो कोणी भेटेल त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते. तो बोलतो आहे, म्हणजे अजून शाबूत आहे. पण किती दिवस?

ह्या खेळात वीर स्वत: बोलत नाही. समोरचा बोलतो, वीराला फार तर होय किंवा नाही एवढे सांगता येते. त्यामुळे संभाषणचातुर्य दाखवावयाला जागाच नाही. नाते जुळते ते कृतीने : कोणाला तुरुंगातून सोडवले, कोणाला औषध दिले, कोणाच्या वाटेतील शत्रू मारला. आणि कृती तिथे परत घेता येत नाही. पडद्यावरील कोणत्याही सज्जनावर तलवार चालवण्याची मुभा खेळणाऱ्याला असते. पण तो मेला की मेला. घंटेच्या एका मनोऱ्यावर ऑस्वाल्ड नावाचा एक इसम बसतो. पुरेसे द्रव्य दिले की तो पापाची क्षमा मिळवून देतो आणि दुखावलेली माणसे पुन्हा शांत होतात. मेलेला मात्र त्या क्षमेने परत येत नाही. प्रायश्चित्ताची मर्यादा इतक्या कमी शब्दांत दाखवणारी जागा गंभीर वाङ्मयातही शोधावी लागेल.

खेळाच्या आरंभी वीर फायरलिंक नावाच्या एका उद्ध्वस्त देवस्थानाशी येऊन पोचतो. तिथे एक जाळ पेटलेला असतो, तोच विसावा. जाळाशेजारी एक खचलेला योद्धा बसलेला आहे. येणाऱ्याची तो कुचेष्टा करतो, त्याच्या मोहिमेला हसतो. पण त्या हसण्याच्या ओघात वाटही सांगतो. एक घंटा वर चर्चमध्ये आहे, दुसरी खूप खाली आहे. वाजवून बघ, जमले तर. प्रत्येक गावच्या पारावर असा एक गृहस्थ असतो, ज्याने स्वत: काही केलेले नसते आणि दुसऱ्याने काही करावे ह्यावर त्याचा विश्वास नसतो. मात्र ह्या खेळातील गृहस्थाचा शेवट विनोदी नाही. खेळणाऱ्याने दोन्ही घंटा वाजवल्या, म्हणजे जे अशक्य म्हणून तो हसत होता ते शक्य करून दाखवले, की काही काळाने तो आपल्या जागेवरून उठून जातो. पुढे खालच्या बुडालेल्या शहराशी तो सापडतो तेव्हा रिता झालेला असतो आणि ओळख न दाखवता अंगावर धावून येतो.

त्या जाळाच्या खालच्या बाजूला गजांआड ॲनास्टेशिया नावाची स्त्री आहे. जाळ राखणे हे तिचे काम. तिला बोलता येत नाही. तिची जीभ कापलेली आहे. पुष्कळ खेळणारे तिच्यासमोरून अनेकदा जातात आणि तिला जाळाच्या सामानाचाच एक भाग समजतात. दरम्यान चर्चमधील एका कोठडीत लॉट्रेक नावाचा सोनेरी चिलखतातील सरदार बंदिस्त सापडतो. तो आर्जवाने सुटका मागतो, खेळणारा दार उघडतो, आणि लॉट्रेक देवस्थानाशी येऊन आभार मानून मुकाट बसून राहतो. मग एके दिवशी खेळणारा दमूनभागून परत येतो तर जाळ विझलेला. खाली गजांआड ॲनास्टेशियाचे प्रेत, आणि लॉट्रेक नाहीसा झालेला. जाळ का विझला हे प्रेत पाहिल्यावर कळते. आणि त्याच क्षणी हेही कळते की जिच्याकडे कधी लक्ष दिले नाही तिच्याच जिवावर रोजची विश्रांती चालली होती. लॉट्रेकचा माग काढून तिचा आत्मा परत आणता येतो. ती पुन्हा जिवंत होते, तेव्हा तिला वाचाही परत मिळालेली असते. पण ती फार बोलत नाही. स्वत:च्या वाणीची तिला लाज वाटते.

ह्या सर्वांत जिव्हारी लागणारी कथा सीगमायरची होय. सीगमायर हा कॅटरिना नावाच्या देशाचा सरदार. त्याचे चिलखत इतके गोल आणि फुगीर आहे की खेळणाऱ्या मंडळींनी प्रेमाने त्याला कांदा-सरदार असे नाव ठेवले आहे. तो प्रथम भेटतो तो सेनच्या किल्ल्याच्या बंद दारासमोर. दगडावर बसून तो विचार करीत असतो. दार उघडत नाही, काय करावे? मग एक दीर्घ हुंकार, आणि पुन्हा विचार. त्याच्या बोलण्यात गोडवा आहे, आढ्यता नाही; साहसाच्या ओढीने म्हातारपणी घर सोडून निघालेला एखादा काका असावा तसा तो वाटतो. खेळणारा दोन घंटा वाजवतो, दार उघडते. किल्ल्यात गडगडत येणाऱ्या प्रचंड शिळांपुढे सीगमायर पुन्हा अडून बसलेला. खेळणारा वाट काढून देतो. पुढे ॲनॉर लोंडो ह्या देवनगरीत एका दालनाबाहेर तो बसलेला आढळतो. आत तीन रुपेरी योद्धे आहेत, आणि त्यांना कसे हटवावे ह्याची योजना तो आखतो आहे. खेळणारा आत शिरून त्यांना मारतो. ह्या वेळी सीगमायर आभार मानण्यापूर्वी किंचित रागावतो. त्याची योजना तयार होत आली होती! मग लगेच तो ओशाळतो, आणि एक अंगठी भेट देतो. त्यानंतर एका विषारी दलदलीत तो सापडतो तेव्हा त्याच्याजवळचे औषधी शेवाळ संपलेले असते. तेही खेळणारा देतो.

ह्या भेटी इतक्या लोभस आहेत की त्यांत काही चुकत आहे असा संशयसुद्धा येत नाही. खेळाचा एकंदर शिरस्ता असा की अडलेल्याला मदत करावी आणि बक्षीस घ्यावे. सीगमायर दर वेळी काही तरी देतोही. खेळणाऱ्याच्या मनात आपण एका भल्या माणसाचा पाठीराखा असल्याची सुखद भावना वाढत जाते. सीगमायरच्या मनात काय वाढत असते हे खेळ सांगत नाही. पण साहसासाठी घर सोडलेल्या सरदाराला प्रत्येक वळणावर कोणी तरी परका येऊन सोडवतो, प्रत्येक कोडे दुसराच सोडवतो, आणि त्याच्या वाट्याला येते ती केवळ कृतज्ञता! ज्या जगात हेतू हरवणे म्हणजे माणूसपण हरवणे, त्या जगात ही कृतज्ञता फार महागात पडणारी आहे.

मध्यंतरी त्याची मुलगी सीगलिंडे भेटते. एका ग्रंथालयाच्या बागेत ती स्फटिकाच्या राक्षसाच्या पोटात अडकलेली असते. तिथून सुटल्यावर ती सांगते की ती वडिलांच्या शोधात आहे. आई गेली आहे आणि तिचे शेवटचे शब्द वडिलांना पोचवावयाचे आहेत. संगणकावरच्या आरंभीच्या भुयारांपैकी एक एका बापाने दुरावलेल्या मुलींसाठी खणले होते. इथे मुलगी दुरावलेल्या बापासाठी भुयारात उतरते. हा योगायोग जपानी दिग्दर्शकाच्या मनात असण्याचे काही कारण नाही. पण तो नजरेआड करवत नाही.

शेवटी अगदी तळाशी, इझालिथ ह्या जळत्या नगरीच्या अवशेषांत, सीगमायर एका कड्यावर उभा असतो. खाली ओंगळ प्राण्यांचा घोळका. ह्या वेळी तो बसलेला नाही. आजवर झालेल्या उपकारांची फेड करण्याची वेळ आली आहे असे त्याला वाटते. तो खाली उडी घेणार, घोळक्याला गुंतवून ठेवणार, आणि त्या गडबडीत मित्राने निसटून जावे, असा त्याचा बेत. तो आरोळी देऊन खाली झेपावतो. आता खेळणाऱ्याने काय करावे? वर उभे राहून पाहावे, तर सीगमायर बहुधा मरणार; पण तो त्याने स्वत: निवडलेला, सरदाराला शोभणारा शेवट असेल. पाठोपाठ उडी मारून त्याला वाचवावे, तर पुन्हा एकदा तेच : त्याचे शेवटचे साहसही दुसऱ्याने पार पाडलेले.

बहुतेक खेळणारे उडी मारतात. मारणारच! जिवाभावाचा माणूस डोळ्यांदेखत संकटात असता हातावर हात ठेवून उभे राहणे कोणाला जमते? सीगमायर वाचतो, निरोप घेतो. आणि सर्व गोष्टी ठरल्याप्रमाणे घडल्या असतील तर राखेच्या एका विस्तीर्ण, नि:शब्द सरोवराच्या काठी सीगलिंडे पुन्हा दिसते. तिच्या पायांशी वडील निपचित पडलेले असतात. ते रिते झाले होते. तेव्हा लेकीलाच त्यांना मारावे लागले. ती खेळणाऱ्याला बोल लावीत नाही. उलट त्याचे आभार मानते आणि आपल्या देशी परत जाईन असे म्हणते. तिच्या त्या आभारांचे काय करावे हे खेळणाऱ्याला कळत नाही.

ह्या कथेचा अर्थ एकच लावला पाहिजे असे नाही. मुलीने आणलेले आईचे शेवटचे शब्द हाही त्या खचण्याचा एक भाग असू शकेल; खेळ मौन पाळतो. पण उपकार करणारा आणि उपकार घेणारा ह्यांच्यामधली जी अडचणीची जागा आहे, तिच्यावर खेळाने नेमके बोट ठेवले आहे. कादंबरीकाराने हीच कथा लिहिली असती तर वाचकाने सीगमायरबद्दल हळहळ व्यक्त केली असती आणि पान उलटले असते. इथे प्रत्येक वेळी मदत करणारा हात खेळणाऱ्याचा स्वत:चा असतो, आणि त्या त्या वेळी तो हात पुढे करताना त्याला आनंद झालेला असतो. हा फरक लहान नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. ह्या सर्व कथा इतक्या आडबाजूला ठेवलेल्या आहेत की अनेक खेळणारे सीगमायरला एकदोनदा भेटून विसरून जातात. एखाद्या ठिकाणी आधी किंवा नंतर गेले, एखादे पात्र भेटावयाचे राहिले, की धागा तुटतो, आणि तो तुटला हेही समजत नाही. कथा पुरी पाहावयाची तर दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेली वाटाड्याची माहिती हाताशी घेऊन खेळावे लागते, आणि मग भेटीतील अकस्मातपणाच नाहीसा होतो. गूढतेचा हा अतिरेक पुष्कळदा कलेपेक्षा हट्टाच्या जवळ जातो. तथापि त्याचीही एक बाजू आहे. खऱ्या आयुष्यातदेखील ज्याच्याशी चार शब्द बोलावयाचे राहून गेले त्याचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी येऊन सांगत नाही.

आतापर्यंत झाली ती खेळाने कल्पिलेल्या माणसांची गोष्ट. पण ह्या भुयारांत खरी माणसेही भेटतात, आणि तिथे मियाझाकीची दुसरी एक आठवण महत्त्वाची ठरते. एकदा बर्फ पडलेल्या चढावावर मोटारी घसरून अडकल्या होत्या. त्याचीही मोटार त्यांत होती. मागची मोटार पुढे येऊन पुढचीला हलकेच ढकलू लागली, तिने तिच्या पुढचीला ढकलले, आणि अशा रीतीने ओळीतली वाहने चढ चढून गेली. वर पोचल्यावर थांबून आभार मानण्याची सोय नव्हती. थांबले तर पुन्हा अडकण्याची भीती. ओळीतल्या अगदी शेवटच्या माणसाचे काय झाले असेल, हा विचार त्याच्या मनात राहिला. त्या माणसांची गाठ पुन्हा कधी पडणार नव्हती.

ह्या अनुभवाला त्याने खेळात रूप दिले. एकाच वेळी जगभर हजारो जण तेच भुयार वेगवेगळे चालत असतात. त्यांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलता येत नाही. जमिनीवर संदेश मात्र लिहून ठेवता येतो, आणि तोही खेळाने दिलेल्या ठराविक शब्दांतूनच जुळवून : पुढे सापळा आहे, इथून उडी मारू नका, धीर सोडू नका, अशा धर्तीचा. कोणी खोटेही लिहितात. कड्याच्या टोकाशी खजिना असल्याची ग्वाही देऊन भोळ्या वाटसरूला खोल दरीत पाठवणारे महाभाग तिथेही आहेत. कुठे रक्ताचा डाग दिसतो. त्याला स्पर्श केला की दुसरा कोणी अनोळखी खेळणारा तिथे कसा मेला, ते शेवटचे काही क्षण लाल सावलीच्या रूपात दिसतात. आणि फार अडले तर दूरदेशीच्या एखाद्या खेळणाऱ्याला शुभ्र आकृतीच्या रूपाने मदतीला बोलावता येते. काम झाले की ती आकृती नमस्कार करून विरून जाते. तिचे नावगाव बहुधा कळत नाही. 'डेमन्स सोल्स'मध्ये तर अशी एक सोय होती की, कोणी लिहिलेला संदेश दुसऱ्याला उपयोगी वाटला आणि त्याने तशी पसंती दिली, की लिहिणाऱ्याच्या वीराची जखम त्याच क्षणी भरून येई. मग तो लिहिणारा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, कोणत्याही संकटात असो.

'डार्क सोल्स'मध्ये ही साह्याची वाट दाखवणारा पुरुषही भेटतो. सोलेअर त्याचे नाव. पडक्या तटावर उभा राहून तो सूर्याकडे पाहत असतो, आणि आपला असा एक सूर्य शोधण्यासाठी ह्या शापित देशात आल्याचे सांगतो. त्याच्या छातीवर सूर्याचे चित्र आहे. पण त्या चिलखतात कोणतीही जादू नाही, ते साधेच आहे. त्याचे बळ सरावाचे. परक्याला बोलावण्याची खूण खेळणाऱ्याला तोच देतो. सीगमायरला मदत नकोशी होत जाते, आणि सोलेअर मदतीवरच उभा आहे. तरी इझालिथमध्ये त्याच्यावरही तीच वेळ येते. डोक्याला चिकटलेल्या एका चमकत्या अळीला तो आपला सूर्य समजतो आणि भ्रमिष्ट होतो. त्याला त्यातून वाचवण्याची एक वाट आहे, पण ती आडवळणाची आहे, आणि तिची किंमत पुष्कळ आधीपासून मोजावी लागते.

'डेमन्स सोल्स'च्या मूळ आवृत्तीला जगभर जोडून ठेवणारी यंत्रणा २८ फेब्रुवारी २०१८ रोजी बंद करण्यात आली. २०२० मध्ये त्या खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि तिला स्वत:ची वेगळी यंत्रणा मिळाली. परंतु जुन्या आवृत्तीतील वाटा त्या दिवसानंतर मुक्या झाल्या. खेळ अजूनही सुरू करता येतो. तीच भुयारे, तेच राक्षस, ठराविक जागी ठराविक बोलणारी तीच कल्पित माणसे. जमिनीवर मात्र कोणाचे अक्षर नाही, रक्ताचा डाग नाही, शुभ्र आकृती नाही. पुढचे वळण धोक्याचे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते कोणासाठी लिहून ठेवण्याची सोय आता तिथे राहिलेली नाही.